मंगळवारची माती

बायनाबाईनं आजवर जिभेवर ठेवलेली माती एका जागी गोळा केली असती, तर तिचा एक लहानसा डेरा झाला असता, असं तिचा नवरा राधाकिशन म्हणायचा. कुंभाराच्या त्या घरात माती अशीच पारखत. तळ्यातून टोपलं आलं की त्यातली चिमूटभर घ्यायची, जिभेच्या शेंड्यावर ठेवायची, टाळूला लावून बघायची आणि थुंकून टाकायची. गोडसर लागली, लोण्यासारखी पसरली, तर ती भांड्याची. खारट लागली तर नको. आणि जीभ चुरचुरली, दाताखाली बारीक कच आली, तर तिच्यात चुनखडी आहे, तिला हातच लावायचा नाही. चुन्याचा असा बारीक खडा डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळत नाही. आव्यात मडक्यांबरोबर भाजून निघाला तरी गप्प बसतो. मडक्यात पाणी भरलं की आठ-दहा दिवसांनी तो फुगतो आणि भोवतीचं खापर उडवून बाहेर येतो.

हे सगळं तिला सासूनं लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. चाकाला बाईनं हात लावायचा नाही, हेही तिनंच शिकवलं. चाक राधाकिशनचं, माती बायनाबाईची, अशी वाटणी चाळीस वर्षं चालली. मग एका सकाळी चहाची बशी राधाकिशनच्या हातातून सुटली ती सुटलीच. उजवं अंग लकव्यानं गेलं. चाक भिंतीला टेकून उभं राहिलं. बायनाबाई दर सोमवारी त्याला हळद-कुंकू लावायची, पण फिरवलं कधी नाही.

भांडी मात्र थांबली नाहीत. जुना माठ पालथा घालायचा, त्यावर राख भुरभुरायची आणि मातीची जाड पोळी वरून थापत आणायची. सुकली की उतरवायची, गळा हातानं चढवायचा. मग आतून दगडाचा गोळा धरून बाहेरून लाकडी थापीनं ठोकत ठोकत पोट वाढवायचं. चाकावरचा माठ जसा चहूकडून सारखा, तसा हा होत नसे. कुठं खांदा उतरलेला, कुठं पोट एका अंगाला. गळ्याखाली तिच्या अंगठ्याचे तीन ठसे. केजच्या बाजारात रंगवलेले, तोटी लावलेले परगावचे माठ यायचे, तरी बाया हिच्याकडचा उचलायच्या, बोटाच्या पेरानं वाजवून बघायच्या आणि डोक्यावर घेऊन जायच्या. बायनाबाईचं मडकं गळत न्हाई, असं आसपासच्या चार-पाच गावांत बोललं जायचं. तिला देण्यासारखं दुसरं काही कुणाकडं नव्हतं आणि तिनं मागितलंही नव्हतं. एवढं एक वाक्य तिच्या नावावर होतं.

त्या वर्षी सलग दुसरा पावसाळाही कोरडा गेला. गावची दूध संस्था म्हणजे नुसत्या पालथ्या घातलेल्या कॅनांची रांग उरली. दूधच नाही तर संस्था काय करणार? तिनं गायरानावर चारा छावणी उघडली. चार गावांची जनावरं आली आणि जनावरांमागं माणसं आली. कुणी म्हातारी, कुणी सुना, शेडनेटच्या तुकड्याखाली चूल मांडून दावणीजवळच राहू लागल्या. पाणी ट्रॅक्टरच्या टाकीनं यायचं आणि प्लास्टिकच्या निळ्या पिंपांत उतरायचं. दहा वाजले की ते पाणी चुलीवरून उतरवल्यासारखं व्हायचं.

छावणीत कडूबाई नावाची एक शेतकरीण होती. दोन बैल, एक गाय आणि चारचौघांत न दबणारा आवाज घेऊन ती आली होती. संस्थेचे चेअरमन मोहनराव पाहणीला आले तेव्हा तिनं पेलाभर पाणी त्यांच्या पुढ्यात धरलं.

"घ्या चेअरमन साहेब. यात पत्ती टाका, साखर टाका, चहा तयार हाय."

मोहनराव हसले, पण पेला त्यांनी तोंडाला लावला नाही. संध्याकाळी ते स्वतः कुंभारवाड्यात आले. दर दावणीला एक, असे चाळीस माठ पाहिजेत म्हणाले. माती भिजवायला दोन पिंपं पाणी संस्था देईल, जाळायला छावणीच्या शेणाच्या गोवऱ्या हव्या तेवढ्या.

"माती कुठली आणू पर?" बायनाबाईनं विचारलं. "तळ्याची साय तर तुमी फाल्गुनातच उचलली."

ते खरंच होतं. तळं आटलं तशी मशिनं उतरली होती आणि वरचा सगळा गाळ ट्रॉल्या भरभरून शेतकऱ्यांनी आपापल्या वावरात नेऊन पसरला होता. शेताला चांगला, म्हणून कुणी बोललं नाही. कुंभाराला विचारायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

"तळं का कुठं गेलंय?" मोहनराव म्हणाले. "खालची माती हाय की. सुग्रीवला सांगतो, एक ट्रॉली टाकून जाईल."

सुग्रीव म्हणजे संस्थेच्या ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर. सकाळी तो विहिरीवरून पाणी भरायचा, दुपारी सांगतील ते ओढायचा. तो माती घेऊन आला तो दिवस मंगळवार होता.

आता मंगळवारचं असं की, बायनाबाईनं अंबाजोगाईच्या योगेश्वरीला बोलून ठेवलं होतं. पाऊस पडेपर्यंत दर मंगळवारी दिवस मावळेस्तोवर जिभेवर काही ठेवायचं नाही, पाणीसुद्धा नाही. हे तिनं नवऱ्याशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. देवीशी बोललेलं चारचौघांत मिरवायचं नसतं, असं तिला वाटे.

"मावशी, बघून घे," सुग्रीव ट्रॉली न उलटता थांबला. "तुला पसंत न्हाई पडली तर दुसरीकडची आणतो. मागून नावं ठेवू नको."

तिनं मूठभर माती घेतली. बोटांत चोळली, थुंकी न लावता तळव्यावर दाबली. मऊ होती. चिमूट तोंडाशी नेली आणि तिथंच हात थांबला. सकाळपासून घशाला कोरड पडली होती, उन्हानं डोळ्यांपुढं पिवळं नाचत होतं. दिवस मावळल्यावर बघू, असं तिनं मनाशी ठरवलं.

"टाक," ती म्हणाली.

दिवस मावळला तेव्हा पाण्याचं पिंप आलं होतं. आलेलं पाणी उन्हात ठेवून उडवायचं नाही म्हणून तिनं लगेच माती भिजत घातली. मग भाकरी केली, राधाकिशनला भरवली, स्वतः दोन घास खाल्ले. भिंतीला टेकली तर डोळे मिटायला लागले.

"माती चाखली का?" राधाकिशननं खाटेवरून विचारलं. लकव्यानं त्याचा शब्द जड यायचा, पण हा स्पष्ट आला.

"चाखली," ती म्हणाली. उठून पुन्हा अंगणात जायचं तिच्या जिवावर आलं होतं. एवढंच कारण. दुसरं काही नाही.

पुढचे वीस-बावीस दिवस तिनं पाय, हात आणि पाठ यांच्याखेरीज कशाचा विचार केला नाही. तुडवायचं, थापायचं, ठोकायचं, सावलीत सुकवायचं, गेरू लावून घोटायचं. चाळीस माठ आव्यातून निघाले तेव्हा ते लाल आणि धडधाकट होते. पेरानं वाजवले तर सगळे खणखणले. सुग्रीवनं पाचटावर रचून ते छावणीत नेले.

छावणीला त्या आठवड्यात जरा बरे दिवस आले. बायांनी आपापल्या माठाच्या गळ्याला चिंध्या बांधल्या, कुणी लाल, कुणी हिरवी. खरं तर चिंधीची गरज नव्हती. ज्याचं पोट डावीकडं तो कडूबाईचा, ज्याचा गळा जरा बसका तो वच्छलाबाईचा, हे लांबूनही कळायचं. वच्छलाबाई म्हणजे सगळ्यांत म्हातारी, एक शेळी घेऊन आलेली. ती दुपारी माठाला पाठ लावून बसायची. "लेकाच्या घरी फ्रिज हाय," ती म्हणायची, "त्याला टेकून बसता येत न्हाई."

संस्थेच्या मांडवात विकतच्या पाण्याचा जार होता. मोहनरावसुद्धा येता-जाता कडूबाईच्या माठातलंच मागायचे.

दहाव्या-अकराव्या दिवशी सुग्रीव बायनाबाईच्या दारात आला तो पायी आला. ट्रॅक्टर नव्हता.

"काय झालं रं?"

"चेअरमननं चाव्या घेतल्या." तो उंबऱ्यावरच बसला. "तुझे माठ फुटायला लागलेत मावशी. टिच् करून आवाज येतो अन् रुपायाएवढी खपली उडती. वीस-बावीस गळायला लागले. चेअरमन म्हणले, बायनाबाईचं मडकं कसं फुटंल, तूच खारं पाणी आणतोस. हिरीवर नंबर लावायचा कंटाळा येतो म्हणून सडकेच्या बोअरवर भरतोस. समद्या बायांपुढं म्हणले, 'खरं बोल बे, कुठं भरतोस?' आता म्या काय बोलू? देवाशपथ, हिरीवरच भरतो."

त्यानं खिशातून एक खपली काढून तिच्या हातावर ठेवली. "बघ, असं उडतंय."

खपलीच्या मधोमध तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका होता. सुग्रीवला त्या ठिपक्यात काही विशेष वाटलं नव्हतं. बायनाबाईनं तो नखानं टोकरून बघितला.

"मावशी, एकदा चेअरमनला सांग ना, पाणी खारं नसंल म्हणून. तुझं ऐकतील."

"उद्या येते," ती म्हणाली.

तो गेला. राधाकिशन खाटेवरून सगळं ऐकत होता. तिनं खपली त्याच्या डाव्या हातात दिली. त्यानं अंगठ्यानं ठिपका चाचपला, खपली नाकाशी नेली आणि परत दिली.

"मंगळवार होता," तो म्हणाला.

"तुमाला ठाऊक व्हतं?"

"वार मला कळतो. पडून पडून दुसरं काय करतो म्या?"

"मग तवाच कावून न्हाई म्हणलात?"

"तू लई दमली व्हतीस." तो भिंतीला टेकवलेल्या चाकाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "म्या पण दमलोय, बायना."

तिला राग आला नाही. राग येण्याइतकं अंगात काही नव्हतं. कळशी उचलावी, खाली ठेवावी, असं तिनं दोनदा केलं. न सांगितलं तर काय होईल, तेही तिच्या मनात येऊन गेलं. काहीच होणार नव्हतं. खपली सगळ्यांनी पाहिली होती, ठिपका कुणाला कळला नव्हता. पाण्यावर आळ गेलाच होता. चाळीस वर्षांचं नाव तसंच राहिलं असतं. सुग्रीव कुठल्यातरी कारखान्यावर दुसरा ट्रॅक्टर बघून गेला असता. आणि पुढं कधी कुणी तिच्यासमोर मडकं वाजवून म्हणालं असतं, बायनाबाईचं गळत न्हाई, तर तिला मान हलवावी लागली असती.

दुसरा दिवस मंगळवारच होता. तोंडात काही न घालता ती छावणीत गेली. मोहनराव मांडवात खुर्चीवर होते, समोर दोन-चार माणसं. सुग्रीव खांबाला टेकून उभा होता.

"या बायनाबाई," मोहनराव म्हणाले. "तुमच्या कामाचं मातेरं केलं या गड्यानं. तुमी मनाला लावून घेऊ नका."

"पाणी खारं न्हाई," ती म्हणाली. "माती खराब व्हती. चुनखडीची."

"कोण म्हणतं?"

"म्या म्हणते. ह्यानं मला बघून घे म्हणलं व्हतं. म्या बघितलं न्हाई."

मोहनरावांनी टोपी काढून पुन्हा घातली. "म्हणजे म्या काल चार माणसांत येड्यावाणी बोललो."

"ते तुमचं तुमी बघा," मागून कडूबाईचा आवाज आला. बाया कधी गोळा झाल्या होत्या ते बायनाबाईला कळलंच नव्हतं. "पण कुंभारणीबाई, चाळीस वर्सं माती पारखतीस अन् आमच्याच बारीला कशी चुकलीस गं?"

बायनाबाईनं तोंड उघडलं. मंगळवारचं सांगितलं असतं तर बायांनी समजून घेतलं असतं. एखादीनं हातसुद्धा जोडले असते. पण मग चूक देवीच्या पदरात गेली असती.

"चुकले," ती म्हणाली.

"बायनाबाईचं मडकं गळत न्हाई म्हणं," कुणीतरी म्हणालं आणि दोघी-तिघी हसल्या. एकीनं आपला माठ आणून तिच्या पायापाशी ठेवला. त्याच्या पोटावर देवीच्या वणासारखे खड्डे होते. मग दुसरीनं आणला. वच्छलाबाई रिकाम्या हातानं आली. तिचा माठ अजून फुटला नव्हता.

"त्यो पण फुटंल आजी," बायनाबाई म्हणाली.

"फुटंल तवा फुटंल. तवर टेकते."

"दुसरे करून देते," बायनाबाई मोहनरावांना म्हणाली. "मला काही नगं. नुसतं पाणी द्या, मातीपुरतं."

"पाणी न्हाई. एक घागर न्हाई देता येणार. आता टाकी दिवसाआड झाली, तुमाला ठाऊक न्हाई का?" ते रागानं बोलत नव्हते. त्यांच्या डोळ्यांखालीही काळं आलं होतं. मग सुग्रीवकडं न बघता त्यांनी खिशातून चाव्या काढल्या आणि टेबलावर सरकवल्या. "जा बे, हिरीवर नंबर लाव."

सुग्रीवनं चाव्या उचलल्या. जाताना तो बायनाबाईजवळ क्षणभर थांबला. तो गेला.

बायनाबाई तिथंच खाली बसली. समोर जनावरांचा सिमेंटचा हौद होता. कडूबाईचा गडी त्याचा बूच काढून तळचं पाणी सोडून देत होता. चोथा, लाळ, शेवाळ असलेलं ते हिरवट पाणी. जनावरं त्याला तोंड लावत नव्हती. पाट धरून ते खडकावर चाललं होतं.

"ते पाणी कुठं जातं?" तिनं विचारलं.

"कुठं जाणार? उन्हात," कडूबाई म्हणाली. "एक दिवसाआड हौद धुवावा लागतो."

"मला देता का ते?"

"त्याचा वास येतो बाई."

"मातीला येत न्हाई. उलट अशा पाण्यात माती चांगली मुरती. सासू मुद्दाम आठवडा आठवडा कुजवायची."

मोहनरावांनी मांडवातूनच हात हलवला, न्या म्हणून. कडूबाईनं गड्याला बूच लावायला सांगितलं. मग बायनाबाईसमोर कमरेवर हात ठेवून ती उभी राहिली.

"पाण्याचं झालं. माती कुठून आणतीस? परत तीच का?"

बायनाबाईनं मान खाली घातली. हे मागणं तिला सगळ्यांत जड होतं. "तळ्याची वरची साय तुमच्या वावरात पडलीय. माळाच्या अंगाला, इस-पंचवीस ट्रॉल्या. अजून पसरली न्हाई समदी. ढीग हायेत."

"आत्ता गं," कडूबाई म्हणाली. "माझ्या मालकानं उन्हातान्हात मरमर करून नेलेली माती मी तुला देऊ? वावरात काय पेरू मग, तुझी खापरं?"

बाया पुन्हा हसल्या. आपल्याला उठता येतं का, ते बायनाबाई बघत होती. एक हात जमिनीवर टेकून ती उठली, पुढ्यातला एक फुटका माठ काखेत घेतला.

"एक ढीग ने," कडूबाई म्हणाली. "बाभळीखालचा. त्येच्यापुढं हात लावू नको. अन् पयला माठ माझा. पोट डावीकडंच ठेव, मला सवय झालीय."

"ठेवते."

"आता उन्हाची निघालीस का? पाणी तरी पिऊन जा. पिंपातलं हाय, ऊन-ऊन."

"नगं," बायनाबाई म्हणाली. "दिवस मावळल्यावर पेईन."

कडूबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं. वार कोणता, हे तिला त्याच वेळी आठवलं असावं. तिनं उचललेला पेला पिंपावर पालथा ठेवला.

कडूबाईचं वावर गायरानापासून लांब नव्हतं, पण बायनाबाईला पोचायला बराच वेळ लागला. घरून टोपलं आणावं लागलं, राधाकिशनला पाणी पाजावं लागलं. बाभळीखाली गाळाचा ढीग होता. वरून वाळून त्याला भेगा पडल्या होत्या आणि भेगांतून आतला काळाभोर थर दिसत होता. तिनं वरची वाळकी खपली बाजूला केली आणि खालची चिमूट घेतली.

ऊन अजून चांगलं डोक्यावर होतं. दिवस मावळायला चार-पाच तास होते. तिनं अंबाजोगाईच्या दिशेला तोंड केलं. चप्पल काढून ठेवली.

"आई," ती म्हणाली, "आता बघावं लागंल."

आणि चिमूट जिभेवर ठेवली. कोरड्या तोंडात मातीला ओल मिळायला वेळ लागला. मग ती पसरली. कच नव्हती, खार नव्हता, चुरचुर नव्हती. तळ्यात पाणी होतं तेव्हाची चव होती. तिनं दुसऱ्या बाजूची चिमूट घेतली, तिसरी ढिगाच्या मागून घेतली. तिन्ही वेळा थुंकली, पदरानं ओठ पुसले.

मग टोपलं भरलं आणि चुंबळ डोक्यावर ठेवली. एका माठाला दीड टोपलं माती लागते. उचलून द्यायला जवळ कुणी नव्हतं, म्हणून तिनं आधी गुडघा टेकला, टोपलं मांडीवर घेतलं, मग खांद्यावर, मग डोक्यावर. बाभळीला धरून ती जरा थांबली आणि मग चालू लागली.